दारू सुटली, मग पगार कुठे गेला?

आमच्या युनियनमधल्या एका यंत्रचालकाची दारू सुटावी म्हणून आम्ही दोन वर्षे खटपट केली. सुटली. भर सभेत आम्ही त्याला हार घातला. तीन महिन्यांनी त्याची बायको कचेरीत आली आणि म्हणाली, ‘भाऊ, दारू सुटली, पण पगार अजून घरी येत नाही.’ पैसा आकड्यावर जात होता. पीत असतानाही तो आकडा लावत असे. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

श्रोतेहो, ही जोडी मुंबईच्या गिरणगावाला जुनीच ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर येथे आकडा लागे. पुढे १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला. १८८७ च्या कायद्याने जुगार गुन्हा होता, १९४९ च्या कायद्याने दारू. दोन्ही धंदे चोरटे, म्हणून एकाच गल्लीत. ‘ओपन’ लागल्यावर ‘क्लोज’ची वाट पाहायची, आणि ती वाट कोरड्या घशाने कोण पाहतो?

पण सारा दोष गल्लीचा मानला तर चूक होईल. आज मोबाइलच्या जुगाराला गल्ली लागत नाही, तरी जोडी तुटलेली नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत जुगाराचे व्यसन जडलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी दारूचाही विकार झालेला आढळला. कारण मेंदूत आहे. घोट घेताना मेंदूतील सुखाची जी यंत्रणा जागी होते, तीच आकडा फुटण्याच्या आशेनेही जागी होते. त्यातून दारूने आवर सुटतो, मोठा डाव लागतो. हरलेला माणूस ते विसरायला पुन्हा पितो. म्हणूनच २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या नव्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन दारू व अमली पदार्थांच्या प्रकरणात घातले. व्यसनी माणसांना ते आधीच उमगले होते: दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्परसाहाय्याची पद्धत जुगाऱ्यांनी १९५७ सालीच लॉस एंजेलिसमध्ये उचलली होती.

आम्हाला मात्र हे उशिरा कळले. तोंडाला वास येतो म्हणून दारू दिसते. आकड्याला वास नाही. आता दारूसाठी कोणी आला की आम्ही कर्जाची चौकशी करतो, सावकार कोण ते विचारतो, आणि शक्य तर बायकोलाही बोलावतो. तो यंत्रचालक आता उपचार घेतो आहे. त्याच्या संमतीने पगाराचा हिशेब बायको पाहते. पतपेढीचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत.