लॉरीच्या केबिनमधील चूल

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले लेस्टर शहर जैन समाजाला अपरिचित नाही. १९७२ साली युगांडातून परागंदा व्हावे लागलेल्या भारतीय वंशाच्या अनेक कुटुंबांनी तेथे नव्याने बिऱ्हाड थाटले. पुढे ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूचे रूपांतर झाले आणि १९८८ मध्ये तेथे जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा सर्वांना एकाच छताखाली सामावून घेणारे ते केंद्र पाहावयास आपल्याकडील यात्रेकरूही जातात. परंतु याच शहराच्या दक्षिणेस, लटरवर्थ गावाजवळ पसरलेली अवाढव्य गोदामे पाहावयास कोणी जात नाही. देशभराच्या दुकानांना लागणारा माल या परिसरातून लॉऱ्यांत भरून रवाना होतो. २०२१ साली लॉरीचालकांचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटनमधील पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या होत्या. व्यापार करणाऱ्यास या व्यवसायाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

अशा गोदामातून रोज सकाळी ६ वाजता माल घेऊन निघणारा, व्रतनियम पाळणारा एखादा जैन तरुण डोळ्यांसमोर आणावा. तेथील कायद्यानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर त्याला ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. चालकाच्या प्रत्येक मिनिटाची नोंद गाडीतील यंत्र ठेवते, त्यामुळे यात सवलत नाही. म्हणजे साडेदहाला पहिला थांबा आणि सव्वाअकरापासून पुन्हा प्रवास. कायदा त्यास पावणेचारपर्यंत गाडी चालवू देतो. सूर्य मात्र देत नाही. डिसेंबरच्या मध्यास लेस्टरला सूर्योदय सव्वाआठच्या आसपास होतो आणि चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. नवकारशीसाठी सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, थांबावयाचे. चौविहारासाठी काटेकोर पाळणारे सूर्यास्तापूर्वीही दोन घडी हात आवरतात. हिशेब मांडला तर साधारण ९ ते ३ एवढाच काळ अन्नपाण्यासाठी उरतो. गाडी उत्तरेस स्कॉटलंडकडे जात असेल तर सूर्यास्त आणखी अलीकडे येतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे घरचा डबा. पण पहाटे चारला उठून आईने अथवा पत्नीने केलेला डबा अंधारात शिजलेला असतो. रात्रिभोजनाच्या विवेचनात चार प्रकार सांगितले आहेत. रात्री केलेले रात्री खाणे, दिवसा केलेले रात्री खाणे, रात्री केलेले दिवसा खाणे आणि दिवसा केलेले दिवसा खाणे. यांतील चौथाच निर्दोष मानला आहे. आदल्या दिवशी उजेडात केलेली भाजीपोळी फ्रीजमध्ये ठेवून न्यावी म्हटले, तर पाण्याचा अंश असलेले शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवशी वासी ठरते. फ्रीजच्या थंडाव्याने त्याची मर्यादा वाढत नाही. उरतात खाखरे, भाजलेले चणे, सुका मेवा. हा आहार एखाद्या दिवशी ठीक; शून्याच्या आसपास घोटाळणाऱ्या थंडीत आठवड्यातील पाच दिवस, वर्षानुवर्षे, त्यावर काढणे प्रकृतीला परवडणारे नाही. नियम सुटतो तो बहुधा अशा वेळी, श्रद्धा उणावल्यामुळे नव्हे, तर पोटात गरम काही नसल्यामुळे.

महामार्गावरील काही विश्रामस्थळांवर प्रवाशांसाठी मायक्रोवेव्ह ठेवलेला असतो. त्यात आपल्याआधी कोणाचे काय गरम झाले, हे त्याच्या भिंतींवरील शिंतोडेच सांगतात. एकच लॉरी दिवसा एकाने आणि रात्री दुसऱ्याने चालवण्याची पद्धत असेल, तर केबिनमधील सामाईक यंत्राचीही तीच अडचण. म्हणून नियम पाळणाऱ्या चालकाला यंत्र स्वतःचे हवे. इतर चालक त्यात तयार अन्न दोन-तीन मिनिटे गरम करतात. याला मात्र उजेडात, थांब्याच्या वेळेत, कोरड्या शिध्यापासून ताजे अन्न शिजवावयाचे आहे. त्याच्यासाठी मायक्रोवेव्ह ही चूल आहे, आणि या एका फरकाने विजेचे सारे गणित बदलते. (वीज सचित्त की अचित्त याविषयी संप्रदायांत मतभेद आहेत. ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे.) गॅसच्या छोट्या शेगडीचा विचार मात्र कोणी करू नये. बंद केबिनमध्ये ज्योत पेटली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

आता प्रश्न विजेचा. तेथील मोठ्या लॉऱ्यांची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. बाजारातील ७०० वॅटचा मायक्रोवेव्ह घ्यावा आणि तो केबिनमधील सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडावा, असा बेत अनेक जण करतात. तो फसतो. ७०० वॅट ही अन्नाला मिळणारी उष्णता आहे. ती देण्यासाठी यंत्र ११०० ते १२०० वॅट वीज ओढते. इन्व्हर्टरमधील तूट मिळवली तर बॅटरीवर सुमारे १३०० वॅटचा भार पडतो. त्यास २४ ने भागले की ५४ अँपिअर येतात. लायटरचा सॉकेट बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो. फ्यूज उडाला तर नशीब चांगले. कोणी फ्यूजच्या जागी जाडी तार बसवली असेल तर वायरिंग पेटते.

तेव्हा बॅटरीपासून थेट स्वतंत्र केबल ओढणे अटळ आहे. ती १६ चौरस मिलिमीटरहून बारीक नसावी. २५ ची असल्यास उत्तम. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे केबल घासून उघडी पडली तर तिला आवर घालणारे काहीच उरत नाही. आणखी एक गोष्ट घरगुती वायरमनच्या ध्यानात येत नाही. युरोपीय धाटणीच्या लॉरीची केबिन इंजिनाच्या दुरुस्तीसाठी संपूर्ण पुढे कलते. बॅटऱ्या चॅसीवर आणि इन्व्हर्टर केबिनमध्ये, म्हणजे केबल त्या बिजागरीवरून जाते. तिला तेथे पुरेशी ढील आणि संरक्षक नळी नसेल तर पहिल्याच दुरुस्तीत ती ताणली जाते. हे काम वाहनांच्या विद्युत कारागिराचेच आहे.

इन्व्हर्टर आपल्याकडील कुटुंबांना नवा नाही. भारनियमनाच्या काळात घरोघरी तो आला, आणि 'स्क्वेअर वेव्ह' स्वस्त व 'साइन वेव्ह' महाग एवढे ज्ञान त्याबरोबर आले. पंखा स्क्वेअर वेव्हवर घरघरत का होईना फिरतो. मायक्रोवेव्ह त्यावर गुणगुणतो, तापतो आणि अन्न मात्र नीट शिजवत नाही. तेव्हा शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले '२००० वॅट' हे पुष्कळदा क्षणभर पेलता येणाऱ्या भाराचे असते. सतत किती वॅट, तो आकडा बारीक अक्षरांत असतो आणि खरेदी त्यावरून करावयाची असते. कर्जाच्या जाहिरातीतील व्याजदर वाचणाऱ्या व्यापाऱ्याला हे सांगणे न लगे. थेट २४ व्होल्टवर चालणारे मायक्रोवेव्हही मिळतात. त्यांत वेगळा इन्व्हर्टर लागत नाही, पण जाड केबल आणि फ्यूज त्यांनाही चुकत नाहीत.

बॅटरी हे खाते मानले तर त्यात किमान शिल्लक फार मोठी ठेवावी लागते, कारण शेवटची उचल इंजिन सुरू करण्यासाठी राखून ठेवलेली असते. ५४ अँपिअरने १८ मिनिटे शिजवले तर सुमारे १६ अँपिअर-तास खर्ची पडतात. १८० अँपिअर-तासांच्या जोडीतून एवढी उचल किरकोळ वाटते. पण थंडीत बॅटरीची क्षमता घटते. जुन्या बॅटरीची तर छापील क्षमता कागदावरच राहते. शिवाय मोठ्या प्रवाहाखाली व्होल्टेज खाली बसते आणि इन्व्हर्टर धोक्याची घंटा वाजवून बंद पडतो. इंजिन चालू ठेवून शिजवणे हा मार्ग नव्हे. उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवणे तेथे गुन्हा आहे, आणि डिझेलचा अपव्यय वेगळाच. साडेचार तास चालून गाडी थांबते तेव्हा बॅटरी भरलेली असते. भांडे त्याच क्षणी आत जावे. आधी फोन, मग हातपाय धुणे, मग स्वयंपाक, असा क्रम लावला तर ४५ मिनिटांत जेवण घाईचे होते.

खरी बचत मात्र स्वयंपाकघराच्या बाजूने होते. मुगाची डाळ व तांदूळ थांब्यापूर्वी तास-दीड तास झाकणाच्या डब्यात भिजत ठेवले तर खिचडी तेवढ्याच विजेत अधिक मऊ होते, किंवा वेळ काही मिनिटांनी कमी लागतो. घरी उजेडात भाजून ठेवलेला रवा वा दलिया त्याहून सोपा. उपमा पाच-सहा मिनिटांत होतो. कांदा-बटाटा नाहीच, तेव्हा चिरण्याचा व्याप नाही. हिंग, जिरे, कढीपत्त्याची कोरडी फोडणी घरूनच शिध्यात मिसळलेली असावी. भांडे काचेचे, उंच आणि अर्ध्याहून कमी भरलेले असावे, अन्यथा खिचडी उतू जाऊन यंत्राच्या तळाशी बसते. प्रत्येकाने प्रथम घरी, त्याच वॅटच्या यंत्रात, घड्याळ लावून करून पाहावे.

येथे एक सूचना काहींना उलटी वाटेल. यंत्र घेण्यापूर्वी महिनाभर २४ व्होल्टची छोटी किटली वापरून पाहावी. तिला २५० ते ३०० वॅट पुरतात आणि १५ अँपिअरच्या सॉकेटवर ती चालू शकते. अर्धा लिटर थंड पाणी उकळावयास तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो, मायक्रोवेव्हला साधारण पाच मिनिटे. उकळलेल्या पाण्याची सोय होते, पातळ पोह्यांवर किंवा भाजलेल्या पिठावर ते ओतून काही गरम पोटात जाते. अनेकांचे तेवढ्यात भागेल. मायक्रोवेव्ह स्वस्त असतो. इन्व्हर्टर, केबल, फ्यूज आणि मजुरी यांचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो, आणि गाडी बदलली की मजुरी पुन्हा द्यावी लागते. जो खरोखर रोज खिचडी शिजवणार आहे, त्यानेच हा खर्च करावा.

निवड करताना फिरती काचेची थाळी नसलेला सपाट तळाचा नमुना मिळाला तर बरा. थाळी असेल तर प्रवासात ती काढून कापडात गुंडाळून ठेवावी. फिरवावयाच्या बटणांचा साधा मायक्रोवेव्ह आकड्यांच्या पडद्यापेक्षा सोयीचा, कारण दर वेळी वीज तोडली की पडद्यावरील घड्याळ पुन्हा लावावे लागते. १७ ते २० लिटरचे यंत्र दहा किलोंच्या घरात जाते. ते शेजारच्या आसनावर ठेवून कोणी अचानक ब्रेक दाबला तर काय होईल, हे सांगावयास नको. कपाटातील खणात, पट्ट्याने व खिळपट्टीने जखडून, भोवती हवेला वाट ठेवून ते बसवावे. केबिन कलवण्यापूर्वी आतील भांडे काढले नाही, तर काच थेट पुढच्या काचेवर येते.

गाडी मालकाची असेल तर लेखी परवानगी हवी. गाडी आपल्याच पेढीची असली तरी विमा कंपनीला या बदलाची माहिती द्यावी. आग लागल्यावर कळवलेल्या गोष्टीला अर्थ नसतो. ज्वालाग्राही व घातक माल वाहणाऱ्या गाडीत अशी वाढीव वायरिंग करण्याचा विचारच नको.

आपल्याकडेही जड मालमोटारी २४ व्होल्टच्याच असतात, आणि २०२५ मध्ये अशा नव्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. त्यामुळे स्वतःच्या गाड्या असणाऱ्या पेढ्यांपुढे अशा मागण्या येऊ लागतील. केबल, फ्यूज आणि कारागिराचे नियम येथेही तेच लागू पडतात.

जूनमध्ये लेस्टरचा सूर्य रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. सकाळी ६ ला निघालेला चालक बहुतेक दिवशी उजेडी घरी पोचून घरच्यांबरोबर जेवतो, आणि केबिनमधील यंत्र आठवडाभर उघडले जात नाही. इन्व्हर्टर मात्र चालू राहिला तर रिकामाही थोडा प्रवाह खात राहतो. म्हणून केबल बसवतानाच त्या मार्गावर मुख्य खटका बसवून घ्यावा, आणि उन्हाळा लागला की तो बंद करावा.