कडबा पेंढीवर नको, किलोवर घ्या

शाळू काढणीला आला की वाड्यावस्त्यांवर एकच विषय निघतो: यंदा कडबा काय भावानं? आज आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहोत. गोठ्यात वैरण टाकायची ती आपण, उरलेल्या चिपाडांचा ढीग उचलायचा तो आपण, आणि कडबा ठरवायला मात्र घरातली माणसं परस्पर जाऊन येतात. ज्या बाईला रोज दिसतं की म्हैस काय खाते आणि काय तोंडानं बाजूला सारते, तिनं खरेदीला गेलंच पाहिजे असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी गरज किती ते काढू. मार्चच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत, म्हणजे नवं गवत हाताशी येईपर्यंत, साडेचार महिने धरा. दिवस झाले १४०. एका मोठ्या गाईला किंवा म्हशीला थोडी हिरवी वैरण मिळत असेल तर रोज सहा किलो कडबा धरून चाला. हिरवं काहीच नसेल तर जास्त लागेल. सहा किलोनं १४० दिवसांचे ८४० किलो होतात. हा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं गणित याच्यावर आहे.

आता बाजारातली गंमत बघा. कडबा विकतात शेकड्यावर, शंभर पेंढ्यांचा दर सांगतात. पण पेंढी केवढी? कुणाची दोन्ही हातांच्या कवेत न मावणारी, तर कुणाची नुसती मूठभर. समजा एका शेतकऱ्यानं शेकडा दोन हजार रुपये सांगितला आणि त्याची पेंढी अडीच किलोची आहे. दुसऱ्यानं पंधराशे सांगितले, पण पेंढी दीड किलोची. आपण म्हणणार, पंधराशेवाला स्वस्त. हिशेब करा. पहिल्याचा कडबा पडला ८ रुपये किलो, दुसऱ्याचा १० रुपये किलो. ८४० किलोला हा फरक १,६८० रुपयांचा झाला, तोही एकाच जनावरामागं.

म्हणून जाताना हुकाला अडकवायचा काटा बरोबर न्या. गंजीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा दहा पेंढ्या स्वतः काढून वजन करा आणि सरासरी काढा. मालकानं काढून दिलेल्या पेंढ्या मोजू नका. वरच्या पेंढ्या जाड आणि आतल्या बारीक, हे सगळीकडं चालतं. दहा-बारा जणींनी मिळून टेम्पो भरणार असाल तर आणखी सोपं: रिकामा टेम्पो वजनकाट्यावर घाला, भरून पुन्हा घाला. काट्याच्या पावतीपुढं वाद उरत नाही.

वजनासोबत ओलावाही बघा. ओला कडबा जड भरतो, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देतो. ताटाचं पेर वाकवून पाहा. वाळलेलं असेल तर कडकन मोडतं, ओलं असेल तर नुसतं वाकतं. गंजीत हात खोल घाला. आत गरम लागलं तर तो कडबा आतून खराब व्हायला लागला आहे.

चांगला कडबा कसा ओळखायचा, हे तुमच्यातल्या जुन्या बायकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी सांगतो. रंग हिरवट पिवळा असावा आणि पानं ताटाला धरून असावीत. जनावराच्या अंगी लागतं ते मुख्यतः पान. पानं झडलेला कडबा म्हणजे निम्मा माल वाटेतच गेला. ताट बारीक आणि चावून पाहिलं तर गोडसर हवं. मालदांडीच्या कडब्याला अजून मागणी आहे ती उगीच नाही, जनावरं तो आवडीनं खातात. ताटाचा बुंधा पोकळ आणि आतून काळपट दिसला तर तो खडखड्या रोगाचा, त्यात कस नसतो. अवकाळीनं भिजून नुसता फिका पडलेला, पण पुन्हा खणखणीत वाळलेला कडबा दर पाडून घ्यायला हरकत नाही. बुरशीचा मात्र फुकट दिला तरी आणू नका. वास कुबट असेल, झटकल्यावर धूळ उडावी तशी पूड उडत असेल, तर तो नकोच. गाभण जनावर त्यानं गाभडू शकतं.

कधी घ्यायचा? काढणी चालू असताना, खळ्यावरच. तेव्हा शेतकऱ्यालाही रान मोकळं करायचं असतं आणि पैसाही हवा असतो. मेमध्ये तोच कडबा व्यापाऱ्याच्या गंजीतून घ्यावा लागतो, चढ्या दरानं. अडचण असते ती एकरकमी पैशाची. इथं गटाचा उपयोग आहे. गटातून अंतर्गत कर्ज काढून मार्चमध्ये कडबा भरा आणि दुधाच्या पगारातून हप्ता फेडा. व्याज धरूनही किती वाचतं ते गटाच्या बैठकीत वहीवर मांडून पाहा. वैरण संपली म्हणून जूनमध्ये म्हैस बाजारात नेली तर तिला काय भाव येतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या वेळी सगळेच विकायला निघालेले असतात.

आणलेला कडबा वाया जाऊ नये म्हणून कुट्टी करा. अख्खं ताट टाकलं की जनावर पान ओरबाडतं आणि बुडखा पायाखाली तुडवतं. इंचभर तुकडे केले तर खूपच कमी उरतं. आठशे किलो पुरवायचे आहेत, हे ध्यानात ठेवा. आणि बायांनो, कुट्टी मशीनवर बसताना पदर खोचा, बांगड्या वर सारा, लेकरांना लांब ठेवा. आतून ढकलायला कधीही हात वापरू नका.

नुसत्या कडब्यावर दूध टिकत नाही. त्यात प्रथिनं फार कमी असतात. थोडी पेंड, खनिज मिश्रण, आणि बांधावर शेवरी किंवा सुबाभूळ असेल तर तिचा पाला जोडीला द्या. कडब्याच्या जागी स्वस्त म्हणून रोज उसाचं वाढंच घालत असाल तर जपून. त्यातल्या घटकामुळं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका.

राहिली वळई. ती उंचवट्यावर, खाली दगड किंवा लाकडं टाकून रचा, म्हणजे बुडाला ओल धरत नाही. माथा उतरता ठेवा आणि वळवाच्या आधी झाकून घ्या. विजेच्या तारेखाली आणि चुलीच्या वाऱ्याच्या बाजूला कधीही रचू नका. जागा असेल तर एकाऐवजी दोन लहान वळया घाला, मध्ये चांगलं अंतर सोडून. एकीला आग लागली तरी दुसरी वाचते.