चेक इंजिनचा दिवा, अडकलेला सेन्सर आणि गोदामातला उंदीर

हा भाग ऐकायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

आपल्या भिवंडीत गाडी सुखात नसतेच. अंजूर फाट्याला तास तास ट्रॅफिकमध्ये उभी, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात, आणि रात्री गोदामाच्या बाजूला पार्क. माझ्या पेट्रोल गाडीत गेल्या पावसाळ्यात पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजवाला म्हणाला, "सेन्सर गेला, नवीन टाका." मी म्हटलं, घरीच बदलू, मजुरी वाचेल. सेन्सर आणला, अर्धा रविवार घालवला, जुन्याचे कोपरे गोल केले. कसाबसा नवीन बसवला. दिवा तसाच! शेवटी कळलं, कनेक्टरच्या पलीकडची गाडीची वायर उंदराने कुरतडली होती. सेन्सर ठणठणीत होता.

म्हणून आजची मुख्य गोष्ट ही: सेन्सर हा साक्षीदार आहे. गुन्हेगार तोच असेल असं नाही.

आधी समजून घेऊ

इंजिनमधून निघालेला धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असे महाग धातू असतात. ते विषारी वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंत करतात. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे साधारण दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते सांगतो, मागचा कन्व्हर्टर काम करतोय का ते बघतो.

स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. तिथे ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईलवर कोड दिसतो. पी०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये गडबड. नीट वाचा, "सर्किट" म्हटलंय. त्यात वायर, फ्यूज, कनेक्टर सगळं आलं. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची ताकद कमी वाटतेय. पण सायलेन्सरचा पाइप कुठे फुटून बाहेरची हवा आत येत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो.

पैसे खर्च करण्याआधी

एक, वायर आणि कनेक्टर डोळ्यांनी बघा. कुरतडलंय का, पाणी शिरून हिरवट गंज आलाय का? दोन, फ्यूज तपासा. तीन, चार वायरवाला सेन्सर असेल तर कनेक्टर सोडून हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. या दोन वायरी बहुतेक वेळा एकाच रंगाच्या असतात. थंड सेन्सरला काही ओहम दिसले तर हीटर बहुधा शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर गेला.

खरंच काढायचा असेल तर

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरू नका, मजबूत स्टँड लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपतो तो उठत नाही.

इंजिन बंद करा, पाइप हाताला सोसेल इतका कोमट होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कनेक्टर सोडा. आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारा, पण तापलेल्या पाइपवर नाही, पेट घेईल. अर्धा तास, जमलं तर रात्रभर मुरू द्या. बऱ्याच सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर जायला खाच असलेला खास गोटी पानाच घ्या. मी साधा पाना वापरला, तिथेच फसलो.

डावीकडे थोडं फिरवा. कुरकुरला तर थोडं मागे घ्या, स्प्रे मारा, पुन्हा फिरवा. पान्याला लांब पाइप लावून जोर काढू नका. सेन्सर जागचा हलतच नसेल तर थांबा आणि गॅरेजला न्या. तिथे बाहेरून गरम करून काढतात, आटे गेले तर तेही दुरुस्त करतात. घरी आटे घालवलेत तर पाइपच बदलायची वेळ येते.

नवीन सेन्सर आधी हातानेच आट्यांत धरवा. टोकाला ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नका, सेन्सर बिघडतो.

शेवटचं

दिवा लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळून टाकतं, तेव्हा गाडी पळवू नका.

आणि कोणी म्हणालं, "कन्व्हर्टरच काढून टाकू, पिकअप वाढेल," तर हात जोडा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड राहू द्या. नाक्यावर तुमच्या मागे बाईकवर एखादं पोर आईच्या मांडीवर बसलेलं असतं. त्याच्या नाकात जाणारा धूर तुमचाच असतो.

तर मंडळी, आधी कोड, मग वायर, मग पाना. याच क्रमाने. भेटू पुढच्या भागात!