सर्वांसाठी राजवाडा
लेखांक चौथा : छत्रांची शिस्त आणि आजचा कायदा

मागील लेखांकात रस्ते व पदपथ यांचा विचार झाला. आज आपण तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात प्रवेश करू. नायकांनी उभारलेली आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भोसल्यांच्या हाती आलेली ही वास्तू आता केवळ राजनिवास नव्हे; दरबार महाल, कांस्यमूर्तींचे कलादालन, १९१८ साली सर्वांस खुले झालेले सरस्वती महाल ग्रंथालय आणि अरुंद, उभ्या चढणीच्या जिन्याचा घंटामनोरा ही सारी लोकांची मालमत्ता आहे, आणि जी मालमत्ता लोकांची, तिच्या दारातून चाकाच्या खुर्चीवरील मनुष्य परत फिरणे हा त्याच्या हक्काचा भंग होय.

या विचाराचे मूळ शोधण्यास तंजावरकरांना दूर जावयास नको. दुसरे सरफोजी महाराज (१७७७–१८३२) यांच्या धन्वंतरी महाल या चिकित्सालयात नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह ठेवली जात, व ती ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला असता, निदान छत्रांची, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांची, व्यवस्था तरी आपल्याकडे राहावी म्हणून महाराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात कोणत्याही जातीच्या वाटसरूस अन्न, आजाऱ्यास औषध व पथ्य, तान्ह्या मुलास दूध आणि छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीस तीन महिने मुक्काम असा तपशील आहे. कोणास काय व किती दिवस द्यावयाचे हे ठरलेले असल्यामुळे येणाऱ्याला कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नसे, आणि आजच्या सुगम्यतेचे सारे मर्म याच शिस्तीत आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत, सुगम करण्याचे बंधन घातले. नियम २०१७ च्या जून महिन्यात आले, म्हणजे ती मुदत २०२२ सालीच सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात असा निर्णय दिला की, केवळ शिफारशीच्या स्वरूपाची मानके या अधिनियमाशी विसंगत असून, किमान मानके सक्तीची असलीच पाहिजेत.

तथापि जुन्या भिंतीस धक्का न लावता हे साधावे कसे? चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे मान एकास बारा असते. म्हणजे तीन फूट उंचीच्या चौथऱ्यास छत्तीस फूट लांबीचा उतार लागतो, आणि तो लाकडाचा वा लोखंडाचा, चुन्याच्या गिलाव्यात खिळा न मारता टेकविलेला व केव्हाही उचलता येण्याजोगा करता येतो. घंटामनोऱ्याच्या जिन्यास मात्र उतार शक्य नाही. तेथे तळमजल्यावरच हातांनी चाचपता येईल अशी मनोऱ्याची प्रतिकृती आणि वरून दिसणाऱ्या नगराचे, निवेदनासह, चित्रण ठेवावे. कांस्यमूर्तींना स्पर्श करू देणे संग्रहालयास परवडणार नाही हे खरे. परंतु कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या साच्याची प्राचीन पद्धत आजही चालवितात, तेव्हा त्यांच्याकडून स्पर्शासाठी प्रतिमूर्ती ओतवून घेणे अवघड नाही. तंजावरच्या चित्रशैलीत तर आकृतींना उठाव दिलेला असतो आणि त्यांत काचमणी जडविलेले असतात. अशा चित्राची प्रतिकृती अंध रसिकाच्या बोटांना पुष्कळ काही सांगेल.

वास्तूइतकेच महत्त्व कार्यक्रमांचे. याच अधिनियमाच्या २९ व्या कलमाने कला, मनोरंजन व सांस्कृतिक जीवनातील सहभाग हाही हक्क मानला आहे. म्हणून संगीताच्या बैठकीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा मागच्या कोपऱ्यात न ठेवता सोबत्याशेजारी असावी, भाषणास सांकेतिक भाषेचा दुभाषा असावा, आणि नृत्याच्या वर्गात शिकू इच्छिणाऱ्या अपंग मुलास प्रेक्षकांत न बसविता शिष्य म्हणून घ्यावे. मात्र कोणतीही सोय करून भागत नाही, ती टिकवावीही लागते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ साली अपंगांसाठी वाळूतून समुद्रापर्यंत लाकडी मार्ग झाला. थोड्याच दिवसांत वादळाने त्याची हानी केली व त्याची दुरुस्ती करावी लागली. एकदा बांधून काम संपत नाही, देखभालीची तरतूद कायमची लागते, हाच त्याचा धडा.

तेव्हा राजवाड्याच्या व्यवस्थेने तीन गोष्टींची तजवीज करावी : सुगम्यतेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र खाते, तक्रार ऐकून तिचा निकाल लावणारा एक जबाबदार अधिकारी, आणि कोणताही आराखडा मंजूर करण्यापूर्वी अपंग नागरिकांनीच त्या जागेची केलेली पाहणी. उतार कोठे हवा हे चढणाराच अचूक सांगू शकतो. त्याला शेवटी विचारणे म्हणजे खर्च दुप्पट करणे होय.

पुढील लेखांकात सरस्वती महालातील ग्रंथ अंध वाचकापर्यंत कसे पोहोचावेत, याचा विचार करू.