मेंदूचीही बायपास होते! पण ती कोणासाठी?

कानाच्या पुढे हलकेच बोट ठेवा. नाडी लागली? ही धमनी डोक्याच्या त्वचेला रक्त देते. मेंदूची बायपास बहुतेकदा तिच्याच मदतीने होते.

कशी करतात?
सर्जन ही धमनी सोडवून घेतात, कवटीत छोटी खिडकी पाडतात आणि मायक्रोस्कोपखाली, केसापेक्षा बारीक धाग्याने ती मेंदूवरच्या धमनीला जोडतात. १९६७ मध्ये झुरिकला गाझी याशारगिल यांनी ही शस्त्रक्रिया केली.

मग प्रत्येक स्ट्रोकवर हाच उपाय का नाही?
कारण १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल आला. बायपासमुळे पुढचे स्ट्रोक टळले नव्हते.

आज कोणाला उपयोग होतो?
मुख्यतः 'मोयामोया'च्या रुग्णांना. यात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू अरुंद होतात. भोवती तयार झालेलं बारीक वाहिन्यांचं जाळं अँजिओग्राफीत धुरासारखं दिसतं, म्हणून हे जपानी नाव. लहान मुलांमध्ये अनेकदा धमनी न जोडता मेंदूवर नुसती ठेवतात. काही महिन्यांत तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात.

लक्षात ठेवा: तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्रास आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी दाखवा.