अठरा वर्षे पुरी झाल्यावर

जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक दृष्टिहीन बालिका, आईबाप न सापडल्यामुळे, अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात पोहोचते, तेथे त्यांचेच आडनाव धारण करून ब्रेल लिपीच्या साहाय्याने पदवीपर्यंत शिकते, आणि २०२४ साली राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिकपदासाठी निवडली जाते, ही माला पापळकर यांची हकिकत आपल्या वरणगावकरांनी अवश्य ध्यानी घ्यावी. कारण अनाथ दिव्यांग मूल म्हणजे जन्माचे ओझे, हा समज आपल्याकडे अद्याप दृढ आहे.

दुसरा गैरसमज असा की, अठरा वर्षे पुरी होताच कायद्याचा आधारही संपतो. वस्तुतः २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठी एकवीस वर्षांपर्यंत, आणि त्याखालील नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे पुढील आधाराची, तजवीज आहे. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. आणि पुढील आयुष्याचा आराखडा सुटकेच्या दोन महिने आधी तयार करावा, असे नियम सांगतात. माझ्या मते ही मुदत फार अपुरी आहे. ज्याला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, बँकेतील खाते, राहण्याची खोली आणि हाताला जमेल असे काम, हे सारे शून्यातून उभे करावयाचे आहे, त्याची तयारी सोळाव्या वर्षीच सुरू झाली पाहिजे.

पालकत्वाविषयी तर घोटाळा फारच मोठा. संस्थेचे अधीक्षक पुढेही आपोआप पालक राहतात, असे अनेकांना वाटते. परंतु अठरा वर्षे पुरी झालेला इसम कायद्याने सज्ञान असतो. तो केवळ अंध किंवा कर्णबधिर आहे, एवढ्यावरून त्याला पालकाची गरज असते असे नाही. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली, जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो.

तरीही प्रत्येक तरुणाकडून मालाताईंसारख्या यशाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानेच घास घ्यावा लागणार, त्याला तेवीस वर्षांनंतर कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न उरतोच. २०२४ साली पद्मश्रीने सन्मानित झालेले शंकरबाबा, अशा मुलांना ज्या घरात ती वाढली तेथेच अठराव्या वर्षानंतरही राहू देणारा कायदा व्हावा, अशी मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत, आणि ती मान्य व्हावी असे मला मनापासून वाटते.