पोट दुखतंय, की मन?

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी एक मैत्रीण शिकवते. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो आणि बोलणं फिरून फिरून पोरींवरच येतं. मागच्या हिवाळ्यात ती सातवीतल्या एका मुलीबद्दल सांगत होती. अभ्यासात चांगली, अक्षर मोत्यासारखं. पण दिवाळीनंतर तिचं रोज एकच गाऱ्हाणं, ‘मॅडम, पोट दुखून राह्यलं.’

आधी वाटलं, पाळीचं असेल. कुणाही बाईला आधी तेच वाटणार. ते नव्हतं. मग जंताची गोळी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. सगळं ठीक. वर्गात मात्र ती तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपून जायची. एक दिवस शाळा सुटल्यावर मैत्रिणीने तिला थांबवून घेतलं आणि झोपेचं विचारलं. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, ‘रातच्याले उठून पाह्यतो मी, बाबा घरात हाये का नाई ते.’

गावात दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने जीव दिला होता. हिच्या घरीही कर्ज होतं, कापूस भिजला होता. आईबाप रात्री हळू आवाजात बोलत आणि पोरगी अंधारात जागी राहून ऐकत होती.

मला खरं अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. त्या घरी आशाताई येऊन गेली होती. बापाला झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारून गेली होती. पोरगी तिथेच चुलीपाशी बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. आशाताईची चूक नव्हे. तिला काम दिलं होतं तेच बापाचं.

आपल्या जिल्ह्याचं नाव निघालं की शेतकरी आत्महत्या हा शब्द मागोमाग येतो. त्यामुळे इथे मनाच्या आरोग्यावर काहीच झालं नाही, असं म्हणता येणार नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ होतं. आशांनी घरोघरी जाऊन ताणात असलेला माणूस हेरायचा आणि त्याला सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकापर्यंत पोचवायचं, अशी ती रचना. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी दारोदार जाऊन बोलायला सुरुवात केली, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे दारात जाऊन विचारलं, तर लोक बोलतात. पण हा सगळा विचार कर्त्या माणसांचा. लेकरू घरात असतं, तेव्हा ते ‘लहान’ असतं. शाळेत गेलं की ‘विद्यार्थी’ होतं, आणि मग बोलायचं ते परीक्षेबद्दल.

बरं, कागदावर शाळेसाठीही कमी नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, दात-डोळे-वजन बघते. २०१४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळा कार्यक्रम आला, त्यात मनाचं आरोग्य स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२० मध्ये प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ करायचं ठरलं. २०२२ मध्ये १४४१६ हा ‘टेली मानस’चा मोफत नंबर सुरू झाला. त्यावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही. नंबर चांगलाच आहे, तुम्हीही लिहून ठेवा. पण सातवीतल्या पोरीकडे फोन कुठला? तो बापाच्या खिशात.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर मोठं पाऊल उचललं. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसतज्ज्ञ नेमावा, असं सांगितलं. शंभराच्या आतल्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आता आपल्याकडचे कोलामांचे पोड बघा, तांडे बघा. तिथल्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या खूप खाली. ‘बाहेरचा तज्ज्ञ’ म्हणजे यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट नागपूरचं मनोरुग्णालय. उमरखेडच्या बाईला यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर पडतं. एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण वेचणीच्या दिवसांतली मजुरी बुडते ती पूर्णच. शिवाय ‘पोरीले येड्याच्या डॉक्टरकडे नेलं’ हे गावात पसरायला एक दिवस पुरतो. पुढे लग्न करायचं असतं ना तिचं!

मग शिक्षकांवरच सोपवावं? मैत्रिणीला विचारलं तर ती हसली. पोषण आहार, शालार्थ, निवडणूक, सर्वेक्षणं, त्यात हे आणखी एक. आणि या हसण्याला पुरावाही आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहर मित्रां’नी. मित्र होते तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी घटली, मुलांचं नैराश्य कमी झालं. शिक्षकांनी राबवला तिथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मला यात शिक्षकांचा कमीपणा दिसत नाही. जी बाई गुण देते, तिच्यापाशी मूल घरचं कसं उघडं करेल?

आपल्या गावांत बीए झालेल्या, बीएसडब्ल्यू झालेल्या सुना आहेत, घरी बसलेल्या. चार-पाच लहान शाळांना मिळून अशी एक ताई का नको? आठवड्यातून एक दिवस एका शाळेत बसणारी, मानधन वेळेवर मिळणारी, आणि अडलं तर जिल्ह्याच्या डॉक्टरला फोन लावू शकणारी. न्यायालयाने सांगितलेलं जोडून घेणं असं झालं, तर ते पोडापर्यंत पोचेल. नाहीतर शाळेच्या भिंतीवर एक पाटी लागेल, झालं!

त्या मुलीचं काय झालं? मैत्रिणीने गावातल्या आशाताईलाच गाठलं. बापासाठी ती जात होतीच, आता मधल्या सुट्टीत शाळेतही डोकावते. दोघी निंबाच्या झाडाखाली बसतात. आशाताईने आईलाही सांगितलं, पोरगी सगळं ऐकते, तिच्याशी बोला. बापाला यवतमाळला नेऊन औषध सुरू केलं, तेव्हा मुलीला सोबत नेलं.

परवा फोन आला होता. पोट कमी दुखतं म्हणे. तिसऱ्या तासाला झोप मात्र अजून लागते.